तुर्कमेनिस्तान : निमंत्रणपत्रापासून सीमेपर्यंत

तुर्कमेनिस्तानचा पर्यटक व्हिसा आपला आपण काढता येत नाही. आधी तिथल्या मान्यताप्राप्त पर्यटन कंपनीकडे सहल नोंदवायची. ती कंपनी तिथल्या स्थलांतर खात्याकडे आपल्या वतीने अर्ज करते, खात्याने होकार दिला की निमंत्रणपत्र येतं आणि ते दाखवल्यावर विमानतळावर व्हिसा मिळतो. पुढे देशाबाहेर पडेपर्यंत गाइड सोबत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी आणि माझी मोठी बहीण हे सगळं पार पाडून आलो. जाण्याआधी मराठीत याबद्दल फारसं वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जे जसं घडलं ते तसं लिहितेय.

मला मर्व बघायचं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवताना रेशीम मार्गाच्या नकाशावर ते नाव मी अनेक वर्षं मुलांना दाखवलं होतं. ताईला काराकुम वाळवंटातलं जळतं विवर बघायचं होतं. दोन्ही एकाच सहलीत बसत होतं.

कागद १५ जुलैला पाठवले. पासपोर्टचं रंगीत स्कॅन, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आणि एक फॉर्म : शिक्षण, नोकरी, घरचा पत्ता, कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार. मी निवृत्त, त्यामुळे पेन्शनचं पत्र इंग्रजीत करून घेतलं. ताई गृहिणी आहे. तिने तसंच लिहावं आणि दाजींच्या नोकरीचं पत्र जोडावं, असं कंपनीने सांगितलं. कारण न देता नकार येऊ शकतो, हेही पहिल्याच मेलमध्ये होतं. सहलीचे निम्मे पैसे आधी भरायचे, उरलेले राजधानी अश्गाबातला पोचल्यावर रोख डॉलरमध्ये. कंपनीचं खातं तिसऱ्याच देशात होतं. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, पॅन कार्डाची प्रत आणि सहलीचं बिल घेऊन गेलात तर काम एका खेपेत होतं.

त्यानंतरचे आठवडे जड गेले. आपल्याला करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. ताईने नातेवाइकांना सांगणं बंद केलं, "अगं, नाही आलं तर प्रत्येकाला परत सांगत बसायचं का?" म्हणाली. या काळात एक पथ्य पाळा : पत्र हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. आम्ही दुबईमार्गे जाणारं, रद्द करता येण्याजोगं तिकीट काढलं होतं. ते काही हजारांनी महाग पडलं, पण रात्री झोप लागत होती.

पत्र आलं १२ सप्टेंबरला. एकच पान, त्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, प्रवेशाचं आणि बाहेर पडायचं ठाणं. आपल्याकडच्या लोकांनी नाव फार बारकाईने तपासावं. आपण वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावतो. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच पत्रावर हवं. रंगीत प्रती काढा, तीन तरी. बाहेर पडायचं ठाणं नंतर मनाला येईल तसं बदलता येत नाही. आमच्या पत्रावर दाशोगुझ होतं, म्हणजे तिथून पलीकडे उझबेकिस्तान. त्या देशाचा ई-व्हिसा भारतीयांना २० डॉलरमध्ये घरबसल्या मिळतो. तो पुढच्या आठवड्यात आला.

मग डॉलर. भारतातून एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. परकीय चलनवाल्याकडे बसून नव्या, न दुमडलेल्या, पेनाची रेघ नसलेल्या नोटा निवडून घ्या. एक आणि पाच डॉलरच्या नोटाही मागून घ्या. आम्हाला त्या पावलोपावली लागल्या. आपलं कार्ड तिथे चालेल या भरवशावर जाऊ नका. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्या अजिबात नेऊ नका, त्यावर तिथे फार कडक कारवाई होते. फोनमध्ये नकाशे आणि भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवा, कारण तिथे व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब बंद असतं आणि आपलं रोमिंगही लागेल असं नाही. घरच्यांना स्पष्ट सांगून निघा की काही दिवस निरोप येणार नाही, घाबरू नका.

आमच्यापुढे अजून एक गोष्ट होती. ३ ऑक्टोबरला घटस्थापना आणि ताईचे नऊ दिवसांचे उपास. तिने ते मोडणार नाही असं आधीच सांगितलं होतं. राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, खजूर आणि साबुदाण्याचा चिवडा अशी एक पिशवी तिची. माझ्यासाठी मेतकूट, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. व्हिसा कुठेय? निमंत्रणपत्र पुढे केल्यावर तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी संगणकात शोधलं, कुणाला तरी फोन केला. अर्धा तास गेला. काउंटर उघडल्या उघडल्या रांगेत उभं राहा.

अश्गाबातला पहाटे उतरलो. विमानतळाची इमारत पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची आहे, ती २०१६ मध्ये सुरू झाली. आत गर्दी नव्हती, तरी बाहेर पडायला दोन तास लागले. तेव्हाचा क्रम असा : आधी नाकातला नमुना घेऊन कोविडची चाचणी, तिचे तीसेक डॉलर. मग व्हिसाची खिडकी, तिथे पत्र द्यायचं आणि बाजूच्या बँकेच्या खिडकीत पैसे भरायचे. परत व्हिसाच्या खिडकीत पावती द्यायची, मग पासपोर्टवर व्हिसा चिकटतो. चाचणी सोडून माझे शंभर डॉलरच्या थोडे वर गेले. राष्ट्रीयत्व आणि दिवस यांवर आकडा बदलतो. शेवटी सामानाची तपासणी. अधिकारी सभ्य होते. ताईच्या लाडवांचा वास घेऊन त्यांनी पिशवी परत दिली. प्रत्येक पावती जपा, अगदी छोटीसुद्धा. मी एक प्लास्टिकचं फोल्डर गळ्यातल्या पिशवीत ठेवलं होतं आणि ते सीमेपर्यंत काढलं नाही.

बाहेर गाइड उभा होता. त्याचं नाव, वय, गाव मी इथे लिहिणार नाही. या देशात त्याला राहायचं आहे आणि आमच्या कुठल्या वाक्याचा त्याला त्रास होऊ नये. जाणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे की राजकारणाबद्दल, अध्यक्षांबद्दल गाइडला खोदून विचारू नका. आपण चार दिवसांत निघून जातो.

आमच्या गटात मलेशियाचं एक जोडपं, पोलंडचे दोघे मित्र, एक ब्रिटिश निवृत्त अभियंता आणि आम्ही दोघी. देशाचा आकार महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा, त्यातला बहुतेक भाग काराकुम वाळवंट. माणसं राहतात ती दक्षिणेच्या डोंगरपायथ्याशी, नद्यांकाठी आणि काराकुम कालव्याच्या काठाने. हा कालवा १९५४ मध्ये सुरू झाला आणि अमुदर्या नदीचं पाणी १९६२ मध्ये अश्गाबातपर्यंत पोचलं. आज शहरात जी कारंजी दिसतात, त्यांची मुळं त्या कालव्यात आहेत.

अश्गाबात पांढरं आहे. नव्या भागातल्या इमारती पांढऱ्या संगमरवराने मढवलेल्या. २०१३ मध्ये अशा ५४३ इमारतींची गिनीज बुकात नोंद झाली. गाड्याही पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या. राजवाडा, पोलीस, सैनिक यांचे फोटो काढायचे नाहीत. गाइड "आता कॅमेरा खाली" म्हणाला की आम्ही लगेच खाली करत होतो. हॉटेलात पासपोर्ट घेऊन नोंदणी केली. तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर स्थलांतर खात्याकडे नोंदणी लागते, ती कंपनी करते, पण झाली का हे आपण विचारून घ्यावं. हॉटेलात पर्यटन कर वेगळा, रात्रीला दोन डॉलर.

त्या दुपारी जुनी निसा बघितली. शहराबाहेर डोंगरपायथ्याशी पार्थियन राजांचा, म्हणजे प्राचीन इराणवर राज्य करणाऱ्या घराण्याचा, मातीचा किल्ला. इथे सापडलेले हस्तिदंती शिंगाकृती पेले अश्गाबातच्या संग्रहालयात आहेत. इतकं बारीक कोरीव काम मी याआधी पाहिलं नव्हतं. आधी संग्रहालय आणि मग किल्ला असा क्रम मागून घ्या, म्हणजे ओसाड भिंतींमध्ये काय होतं ते डोळ्यांपुढे येतं.

दुसऱ्या दिवशी ६ ऑक्टोबर. तारीख आम्ही ठरवली नव्हती, सहलच त्या आठवड्याची होती. १९४८ साली याच तारखेच्या मध्यरात्रीनंतर अश्गाबातला भूकंप झाला आणि कच्च्या विटांचं ते सगळं शहर झोपेत कोसळलं. सोव्हिएत सरकारने मृतांचा आकडा त्या वेळी जाहीर केला नाही. आज तो लाखाच्या वर मानला जातो. देशाचे पहिले अध्यक्ष सपारमुरात नियाझोव तेव्हा आठ वर्षांचे होते, त्यांची आई आणि भाऊ त्यात गेले. शहराच्या कडेला स्मारक आहे : पृथ्वीचा गोल शिंगांवर घेतलेला बैल आणि भेगेतून सोनेरी मूल वर उचलून धरणारी आई. तो दिवस तिथे स्मृतिदिन म्हणून पाळतात. फुलं घेऊन चाललेले लोक दिसत होते, बहुतेक वयस्क बायका.

१९९३ च्या सप्टेंबरात मी औसा तालुक्यात नोकरीला होते. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून आलेली गावं, आणि पहाटे किल्लारी. दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलेले लोक मी पाहिले आहेत, काही माझ्या वर्गातले होते. त्या स्मारकाजवळ माझ्याच्याने उभं राहवेना. ताईने हात धरला. गाइडने कारण विचारलं, तिने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की त्याच्या आजीच्या घरात तेव्हा एकच खोली वाचली होती. गटातल्या सगळ्यांनी आमच्यासाठी पंधरा मिनिटं थांबून घेतलं. सहलीचं वेळापत्रक घट्ट असतं, तरी सांगितलं तर माणसं समजून घेतात.

तिथून मारीकडे, मर्वजवळच्या आजच्या शहराकडे. वाटेत अनाऊला पंधराव्या शतकातल्या मशिदीची जागा आहे. तिच्या कमानीवर दोन ड्रॅगन होते. ती इमारतही १९४८ मध्येच पडली. आज दोन-तीन पडके खांब आणि त्यांच्यापुढे नवस बोलायला आलेल्या बायका. पुढचा नवा महामार्ग सरळ आणि गुळगुळीत आहे, मारीपर्यंत साडेतीनशे किलोमीटर सहज गेले.

७ तारखेचा पूर्ण दिवस मर्वला. अनेक गट इथे येतच नाहीत, विवर बघून निघून जातात. मला विचाराल तर दिवस कमी पडत असतील तर अश्गाबातमधले कमी करा, मर्वचा काढू नका. मर्व हे एक शहर नाही, शेजारी शेजारी वसलेली शहरं आहेत. मुर्गाब नदीचं पात्र आणि राज्यकर्ते बदलत गेले तशी वस्ती सरकत गेली. सर्वांत जुना एर्क काला (काला म्हणजे किल्ला), त्याला कवेत घेणारा ग्याऊर काला, मग सेल्जुक तुर्कांचा सुलतान काला. एर्क कालाच्या तटावर चढलो. मराठवाड्यात गावोगावी पांढऱ्या मातीच्या गढ्या आहेत. त्यातली एखादी डोंगराएवढी करून वाळवंटात ठेवावी तसा तो तट. वरून चौफेर उंचवटे दिसतात आणि प्रत्येक उंचवट्याखाली घरं आहेत.

ग्याऊर कालाच्या कोपऱ्यात बौद्ध स्तूप आणि विहाराच्या खुणा आहेत. इतक्या पश्चिमेला सापडलेला दुसरा स्तूप नाही. मर्वच्याच परिसरात भूर्जपत्रावरची संस्कृत बौद्ध पोथीही मिळाली आहे. अजिंठ्याच्या वाटेवर लहानाची मोठी झालेली मी, त्या मातीच्या ढिगाजवळ बसून राहिले. गटातले बाकीचे पुढे गेले तरी गाइडने मला हाक मारली नाही.

सेल्जुक सुलतान संजरची कबर मात्र सगळ्यांनाच थांबवते. तो ११५७ मध्ये गेला. विटांची भली मोठी चौकोनी इमारत, त्यावर घुमट. एकेकाळी त्यावर फिरोजी निळं आवरण होतं आणि काफिल्यांना ते एका दिवसाच्या वाटेवरून दिसायचं, असं सांगतात. १२२१ मध्ये चंगीझ खानाचा मुलगा तोलुई इथे आला आणि शहर संपलं. ग्रेट किझ कालाच्या भिंती मला सर्वांत आवडल्या : कच्च्या विटांच्या, पण उभ्या गोल पन्हाळ्यांसारख्या जोडलेल्या. छत नाही, भिंती पावसाने झिजताहेत. त्यांवर चढू नका, फोटोसाठीही नाही. सावली कुठेच नाही. ऑक्टोबरातही टोपी, दोन लिटर पाणी आणि बंद बूट हवेत.

मारी परिसराचा भारताशी आजचाही एक धागा आहे. इथल्या गॅसक्षेत्रातून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारतात येणाऱ्या 'तापी' गॅसवाहिनीचं (नाव चारही देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) काम डिसेंबर २०१५ मध्ये इथेच सुरू झालं. गॅस अजून आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

खाण्याचं सांगते. पुलाव, शश्लिक, मांती, सगळं मांसाचं. शाकाहारी म्हटलं तर मांस वेचून काढलेला पुलाव समोर येतो. पण तंदूरमधली चोरेक नावाची जाड भाकरी, टोमॅटो-काकडी, दही आणि कलिंगड-खरबूज कुठेही मिळतं. खरबूज तर असं की ताईचे उपास त्यावरच पार पडले. हॉटेलात उकडलेले बटाटे सांगितले की देतात. मलेशियाच्या बाईंना राजगिऱ्याचा लाडू फार आवडला, त्यांनी कृती लिहून घेतली.

मर्वहून अश्गाबातला परतलो आणि ८ तारखेला तिथून उत्तरेला दरवाझ्याकडे, म्हणजे त्या जळत्या विवराकडे. अंतर साधारण २६० किलोमीटर, पण रस्ता इतका फुटका की पाच तासांच्या वर लागले. कंबरेचं दुखणं असेल तर पट्टा बांधा आणि मधल्या सीटवर बसा. स्वच्छतागृह म्हणजे उघडं वाळवंट. बायकांनी ओढणी किंवा छत्री जवळ ठेवावी, आम्ही आळीपाळीने आडोसा धरला. मुक्कामाला तंबूवजा युर्ता, खाली गाद्या, बाहेर शौचालय, पाणी बेताचं.

विवर सत्तरेक मीटर रुंद आणि तीसेक मीटर खोल. १९७१ मध्ये सोव्हिएत खोदकाम चालू असताना जमीन खचली आणि गॅस पसरू नये म्हणून पेटवून दिला, ही गोष्ट सगळे सांगतात. स्थानिक भूगर्भतज्ज्ञांच्या मते जमीन साठच्या दशकात खचली आणि आग ऐंशीच्या दशकातली आहे. २०२२ मध्ये सरकारने ती विझवण्याचा मार्ग शोधायला सांगितलं, आणि २०२५ मध्ये ज्वाळा पूर्वीपेक्षा खूप कमी झाल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनीच जाहीर केलं. म्हणजे जुन्या फोटोंइतकी आग दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. आम्ही गेलो तेव्हा भिंतीच्या फटींमधून आणि तळाशी ती जळत होती, आवाज जोरदार होता. वारा फिरला की चेहऱ्यावर झळ येते, तेव्हा पटकन मागे सरा. कठडा आहे, तो ओलांडू नका. माती ठिसूळ आहे. ताई कठड्याजवळ हात जोडून उभी राहिली, नवरात्रातला अग्नी म्हणाली. मध्यरात्री आणि पहाटे आम्ही पुन्हा गेलो. रात्री कडाक्याची थंडी पडते. स्वेटर, कानटोपी, मोजे लागतातच.

९ तारखेला कोन्ये-उर्गेंच हे आणखी एक जुनं शहर. रस्ता आणखी वाईट. पण कुतलुग तिमूरचा साठ मीटरचा मनोरा लांबून दिसायला लागला तेव्हा सगळे ताठ बसले. तुराबेक खानुमच्या वास्तूत घुमटाखाली मान वर करून उभं राहायचं; निळ्या-पांढऱ्या-सोनेरी तुकड्यांची नक्षी, वर्षाच्या दिवसांइतके ३६५ भाग. शेजारच्या किर्क मोल्ला टेकडीवर मूल व्हावं म्हणून बायका उतारावरून लोळत खाली येतात. आम्ही होतो तेव्हा एक तरुण मुलगी सासूबरोबर आली होती. पोलंडच्या मुलांनी कॅमेरा काढला, ताईने मानेनेच नको म्हटलं, त्यांनी ठेवून दिला.

१० तारखेला सकाळी दाशोगुझहून सीमेवर. लवकर निघा, कारण जेवणाच्या वेळेत ठाणं बंद झालं तर उन्हात ताटकळावं लागतं. गालिचा घेतला असेल तर तो बाहेर नेण्याचा दाखला लागतो; मी घेतला नव्हता, ब्रिटिश काकांकडे दाखला होता तरी त्यांचं सामान पूर्ण उलगडलं. माझ्या गोळ्या मोजल्या, चिठ्ठी पाहिली, फोल्डरमधल्या पावत्या पाहिल्या. गाइडला तपासणीच्या दाराशीच थांबावं लागतं. बक्षिसी तिथे घाईत देण्यापेक्षा आदल्या रात्री पाकिटात घालून द्यावी. आम्ही सातही जणांनी मिळून तसं केलं. दोन ठाण्यांमधली पट्टी व्हॅनने पार करायची, त्यासाठी ते सुटे डॉलर. उझबेक बाजूला दहा मिनिटांत शिक्का बसला. तासाभरात खिवा, तिथल्या वायफायवर ताईने दाजींना फोन लावला आणि पहिल्यांदा विचारलं, घटाला माळ कोणी घातली.

खर्चाचा हिशेब : सहल माणशी ११०० डॉलरच्या आसपास, विमान, दोन्ही व्हिसा, चाचणी, बक्षिसी, विमा धरून दोन लाखांच्या आत बसलं, त्यात खिव्यापासून ताश्कंदची परतीची रेल्वेही आली. माझ्या मते जायचं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, आणि कागद किमान तीन महिने आधी पाठवा. कंपनी निवडताना एकच प्रश्न विचारा : मर्वला पूर्ण दिवस आहे का?